लाल पेटीत काय आहे

जो माणूस आठ वर्षं तुमच्याच कंपनीत काम करतो आणि एकदाही तुमच्या डब्यातला घास घेत नाही, त्याच्यावर संशय घेणार नाही तर काय त्याच्या गळ्यात गळा घालणार? मी सरळ माणूस आहे. मनात येतं ते तोंडावाटे बाहेर पडतं, आणि तोंडही असं की तिसऱ्या मजल्यावर बोललो तर तळमजल्यावर ऐकू जातं. म्हणून कामावर मला भोंगा म्हणतात. आणि त्याला म्हणायचे कुलूप.

आम्ही दोघं लिफ्टचे मेकॅनिक. आमच्या कामातला एक नियम आधी सांगतो, कारण त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली करते त्याला आम्ही शाफ्ट म्हणतो. शाफ्टमध्ये शिरायचं तर आधी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. दोघं काम करणार असतील तर दोन कुलुपं. चावी ज्याची त्याच्या खिशात, दुसरी चावी नसतेच. आणि दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप येवो. एकदा आमचा एक गडी कुलूप काढायला विसरून घरी गेला. सात मजल्यांची माणसं त्या दिवशी कंपनीच्या नावाने बोटं मोडत जिने चढली, पण तो परत येईपर्यंत त्या कुलपाला कुणी शिवलं नाही. कुलूप आहे याचा अर्थ आत माणूस आहे, एवढंच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

हा नियम आम्ही सगळेच पाळतो. या गृहस्थाने तो जेवणाला लावला होता. दीड हात लांबीची पत्र्याची लाल पेटी, तिला कामावरचंच जाडजूड कुलूप, आणि चावी शर्टाच्या बटणाच्या खिशात. दुपारी आम्ही आठजण गोल करून बसायचो, याच्या डब्यातलं त्याच्या डब्यात, थट्टामस्करी, आणि हा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, पेटी मांडीशी घेऊन. कुणी काही पुढे केलं की म्हणायचा, "नको. मला शेंगदाणा चालत नाही."

"अरे, यात शेंगदाणा नाही!"

"तेल कुठलं आहे?"

"मला काय माहीत? बायकोला विचारावं लागेल."

"डबा कुठल्या फडक्याने पुसला?"

आता फडक्याची चौकशी करणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? आम्ही नाटकं म्हणायचो. शेंगदाणा खाऊन फार तर काय होईल, अंगावर पित्त उठेल, दोन दिवस खाजवशील. त्यासाठी पेटीला कुलूप? नाही हो, मला ते पटत नव्हतं. कुलपाआड दुसरंच काहीतरी असणार.

त्यात चष्मेवाल्याचं प्रकरण झालं. चष्मेवाला हा कुलूपचा आधीचा जोडीदार. दोघं परगावच्या कामावर गेले, परत आले, आणि आठवड्याच्या आत चष्मेवाल्याला ऑफिसचं पत्र आलं की तुम्ही कामाच्या वेळेत झोपता. झोपायचा तो, ते काही खोटं नव्हतं. पण ऑफिसला सांगितलं कुणी? गेले तर दोघंच होते. चष्मेवाला माझ्या कानाला लागला, "त्या पेटीत वही आहे. मी त्याला लिहिताना बघितलंय." झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणि पुढच्या कामाचा कागद लागला तर कुलूपबरोबर माझं नाव. परगावचं चार मजली जुनं हॉटेल, लिफ्टचे दोर बदलायचे, चार दिवसांचं काम. आदल्या दिवशी त्याच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा फोन.

"भाऊजी, तुम्ही ह्यांच्याबरोबर जाताय ना? चार दिवस तेवढे शेंगदाणे खाऊ नका हो. तुम्हाला आवडतात, मला माहीत आहे."

"नाही खाणार, वहिनी. शब्द दिला."

"आणि काही झालंच तर..."

"काही होत नाही हो! मी आहे ना," असं म्हणून मी फोन ठेवला. काही झालं तर काय, ते ऐकून घेतलंच नाही. आणि शब्द दिला तेव्हा शेंगदाण्याची पुडी माझ्या खिशातच होती. भाजलेले, खारवलेले. मला त्याशिवाय हातच चालत नाहीत, कुणाला तंबाखू लागते तसं. म्हटलं, त्याच्यासमोर खाणार नाही म्हणजे झालं.

बसचा प्रवास सहा तासांचा. बाकीचे लोक बसमध्ये चढले की बसतात. हा पाच मिनिटं उभाच. ओल्या कागदाने सीट पुसली, हाताची पट्टी पुसली, समोरची जाळी पुसली, खिडकीची काच पुसली. मागे उभी असलेली बाई म्हणाली, "अहो, बस तुमच्या मालकीची आहे का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पेटी मांडीवर घेऊन बसला तो सहा तास तसाच. मधे एका थांब्यावर मी खाली उतरून, पाठ फिरवून चार दाणे तोंडात टाकले आणि परत येऊन बसलो.

याने नाक वर केलं. "वास येतोय."

"कसला?"

"भाजल्याचा."

"बाहेर कोण काय भाजत असेल, मला काय माहीत?"

माझ्याकडे बघत राहिला. तोंड, हात, शर्टाचा खिसा, असं एकेक बघत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं, आणि त्या बघण्याचाच मला राग आला. अरे, मी काय गुन्हेगार आहे? म्हटलं, बघ बघ, आणि लिही तुझ्या वहीत.

हॉटेलात पोचलो तर हा खोलीत नाही गेला, थेट स्वयंपाकघरात. तिथल्या मुख्य एक मावशी होत्या. उंच, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, आणि आवाजात अशी जरब की मॅनेजरसुद्धा दारातूनच बोलायचा. याने त्यांच्यापुढे एक कार्ड धरलं. मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'मला शेंगदाणा चालत नाही. आवडत नाही म्हणून नव्हे. कणभर पोटात गेला तरी श्वास बंद होऊन जीव जाऊ शकतो. तेल, भांडं, पळी, फडकं, सगळं वेगळं हवं.'

मावशींनी कार्ड वाचलं. मग त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "माझ्या हाताला काय विष लागलंय का रे?"

"तुमच्या हाताला नाही, मावशी. पळीला लागलं असेल."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता ही बाई तीच पळी याच्या डोक्यात घालणार. पण मावशींनी काय केलं माहीत आहे? तेलाचा डबा ओढून पुढे ठेवला. "वाच." त्याने खरंच वाचलं, डब्याच्या चारी बाजू फिरवून. मग त्यांनी माळ्यावरून एक कोरं पातेलं काढलं, साबणाने दोनदा घासलं, आणि त्याच्या कडीला लाल दोरा बांधला. "हे तुझं. भात यात, भाजी यात, अंडी यात. याला माझ्याशिवाय कुणी शिवणार नाही. आता जा, मला कामं आहेत."

तरी हा गेला नाही. दाराआडून बघत उभा राहिला, भात शिजेपर्यंत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो हे मी ऐकलं होतं. हा तर पाणीसुद्धा फुंकत होता.

दोन दिवस असे गेले. काम मात्र त्याचं बघण्यासारखं. दोराचा एकेक पीळ बोटांनी चाचपायचा, माझ्या हातची गाठ तीनदा ओढून बघायचा. मी म्हणायचो, "मी बांधलीय रे." तो म्हणायचा, "म्हणूनच." आणि संध्याकाळी खिडकीशी पाठमोरा बसून वहीत काहीतरी लिहायचा. मी जवळ गेलो की वही बंद. वही पेटीत, पेटीला कुलूप, पेटी पलंगाखाली. मला तर जेवण गोड लागेना. मी दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं जास्त बसलो होतो, ते लिहिलं असेल का? गच्चीवर जाऊन बायकोशी फोनवर भांडलो, ते?

तिसऱ्या दिवशी सकाळी तो शाफ्टमध्ये, लिफ्टच्या टपावर उभा, आणि मी बाहेर. बोल्टचा डबा खोलीत राहिला होता तो आणायला त्याने मला खाली पाठवलं. आमची खोली पहिल्या मजल्यावर, काम तिसऱ्यावर. जिन्यात मी मूठभर दाणे तोंडात टाकले, हात पँटला पुसले, खोलीत शिरलो. पलंगाखालून ती लाल पेटी माझ्याकडे बघत होती.

मी स्वतःशी म्हटलं, हे काही स्विचवरचं कुलूप नाही. यात कुठे माणूस आहे? डब्याचं तर कुलूप आहे. पत्र्याची पातळ पट्टी कुलपाच्या कडीशी सारून ते कसं उघडायचं हे मला येतं. चाव्या हरवलेल्या माणसांची कितीतरी कुलुपं मी तशी उघडून दिली आहेत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी माझी तेव्हाची अवस्था. खुट् झालं आणि पेटी उघडली.

आत काय? एक ताटली, एक वाटी, दोन चमचे, सुरी. पावाचं पाकीट, मीठ, साबणाची वडी. काचेच्या बरणीत घरचा जॅम. जाड पेनासारखी दोन इंजेक्शनं. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद, बायकी अक्षरातला. आणि वही.

कागदावर होतं: 'ओठ सुजले, आवाज बदलला, दम लागला तर वाट बघू नका, इंजेक्शन द्या. टोपी काढा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला जोरात दाबा, कपड्यावरून चालतं. दहापर्यंत मोजा. आडवं झोपवा, पाय वर. उठू देऊ नका. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. पाच मिनिटांत बरं नाही वाटलं तर दुसरं द्या.' खाली एका आडव्या माणसाचं चित्र, मांडीवर बाण काढलेला. मला हसूच आलं. नंतर पुन्हा कधी आलं नाही.

मग वही उघडली. माझं नाव शोधत पानं उलटली. सगळं जेवण! कुठे खाल्लं, कोणी शिजवलं, काय विचारलं, नंतर कसं वाटलं. 'मंगळवार. मावशींनी स्वतः पातेलं घासलं. भात, दोन अंडी. ठीक.' चष्मेवाल्याचं नावसुद्धा नाही. आणि सोमवारच्या पानावर, बसच्या प्रवासाखाली: 'भाजल्याचा वास आला. आधी संशय आला. पण भोंग्याने हिला शब्द दिलाय. वास बाहेरचाच असणार.'

माझे कान तापले, खोटं कशाला बोलू. जगातल्या प्रत्येक पळीवर संशय घेणारा माणूस, आणि त्याने विश्वास टाकला तो नेमका माझ्या पुडीवर. वाईट वाटलं. पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, की चला, आपल्याविरुद्ध काही लिहिलेलं नाही. आणि त्या सुटकेच्या भरात, गाढवासारखं, मी जॅमच्या बरणीचं झाकण उघडलं, बोट घातलं आणि चाखलं. छान होता. पुन्हा एकदा घातलं. मग झाकण, कुलूप, पेटी पलंगाखाली, पट्टी गादीखाली, आणि बोल्टचा डबा घेऊन मी वर गेलो. बोटाला खाऱ्या दाण्यांचा चुरा लागलेला होता हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पँटला पुसले की हात स्वच्छ, असंच मी जन्मभर समजत आलो होतो.

दुपारी तो खोलीत गेला, पेटीतला पाव आणि जॅम खाल्ला, मावशींनी दिलेला भात खाल्ला, पेटी बंद केली आणि वर आला. आता त्याचीही एक चूक सांगतो. शाफ्टमध्ये खिशात काही ठेवायचं नसतं, कारण वरून पडलेला साधा पान्हा खालच्या माणसाचं डोकं फोडतो. बटणाच्या खिशात चावी, बाकी सगळे खिसे रिकामे. म्हणून इंजेक्शनं तो पेटीतच ठेवायचा. "शाफ्टमध्ये मला कोण शेंगदाणे भरवणार आहे?" असं तो आदल्याच दिवशी म्हणाला होता.

दहा मिनिटं झाली असतील. टपावरून त्याने हाक मारली, आणि ती हाक त्याची वाटेना. घशात कापूस कोंबल्यासारखी.

"भोंग्या... पेटी."

मी वाकून बघितलं. ओठ सुजलेले, मान लालभडक, डोळे बारीक झालेले. टप मजल्याच्या पातळीला होता म्हणून बरं. त्याला काखेत धरून बाहेर ओढला तर तो तिथेच फरशीवर बसला. हात बटणाच्या खिशाकडे नेतोय, बटण काही निघत नाही, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतोय.  मला कळलं होतं. त्याच क्षणी, सगळं कळलं होतं.

मी बटणापाशी थांबलो नाही. जिना उतरत ओरडलो, "मावशी! अ‍ॅम्ब्युलन्स! माणूस मरतोय!" आयुष्यात या आवाजाने लोकांना पिडलं, त्या दिवशी तेवढा तो कामाला आला. खोली, गादीखालची पट्टी, कुलूप. सकाळी एका फटक्यात उघडलेलं ते कुलूप आता घाईत दोनदा निसटलं. मी त्याला शिव्या घातल्या, हात जोडले, रडलोसुद्धा. उघडलं. पेटीच उचलून वर पळालो.

मावशी माझ्या आधी पोचल्या होत्या. त्याला आडवा करून त्याचे पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतले होते. मी झाकणावरचा कागद मोठ्याने वाचत गेलो. टोपी काढा. काढली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला. दाबलं. एक, दोन, तीन... दहा आकडे एवढे लांब असतात हे मला माहीत नव्हतं. तो मधेच उठायला बघत होता, तर मावशींनी छातीवर हात ठेवून त्याला खाली दाबलं. "उठायचं नाही म्हटलं ना! लिहिलंय तसं होईल." पाच मिनिटं झाली, शिट्टी काही थांबेना. मी दुसरं दिलं. मग हळूहळू, फार हळूहळू, तो श्वास जरा माणसाच्या श्वासासारखा झाला. अ‍ॅम्ब्युलन्सवाले आले आणि म्हणाले, लिफ्टने नेऊ. लिफ्ट कुठली? मेन स्विचवर आमचीच दोन कुलुपं. तीन मजले स्ट्रेचर जिन्यावरून उतरवलं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, वाचला, पण सकाळपर्यंत इथेच ठेवू, कधीकधी ते उलटून परत येतं. मी बाकावर बसलो. तेवढ्यात हॉटेलचा मॅनेजर आला, मागे मावशी. मावशींच्या हातात ते लाल दोऱ्याचं पातेलं होतं.

"डॉक्टरांना दाखवायला आणलंय," त्या म्हणाल्या. "बघा म्हणावं, काय लागलंय त्याला."

मॅनेजर म्हणाला, "पातेलं राहू द्या. जेवण तुमच्या हातचं होतं ना? उद्यापासून येऊ नका."

 मावशींनी माझ्याकडे बघितलं, मी काही म्हणतोय का म्हणून. आणि मी, भोंगा, खाली फरशीकडे बघत बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती, आणि चोर समोरच्या बाकावर बसला होता. त्या पातेलं घेऊन निघून गेल्या. मला त्या दिवसाची सगळ्यात जास्त लाज याची वाटते. जॅमचं बोट अजाणता गेलं. हे गप्प बसणं मी जाणूनबुजून केलं.

सकाळी वहिनी पहिल्या बसने आल्या. मी आत गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता, चेहरा अजून सुजलेला, आवाज खरखरीत. वहिनी त्याच्या पायाशी. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग उशाशी ठेवलेली चावी उचलून चादरीवर ठेवली.

"नर्सने खिशातून काढून दिली," तो म्हणाला. "बटण लावलेलंच होतं. मग तू पेटी कशी उघडलीस?"

"पट्टीने."

"एवढ्या घाईत, पहिल्या फटक्यात?"

"तिसऱ्या."

"पट्टी कुठे होती?"

"गादीखाली."

"ती आधीच तिथे कशी आली?"

खाई त्याला खवखवे. मी वहिनींकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि मग सगळं सांगून टाकलं. पुडी, बसचा थांबा, चष्मेवाला, वही, जॅम, दोनदा घातलेलं बोट, सगळं. माझा आवाज एवढा लहान मी स्वतः कधी ऐकला नव्हता.

 वहिनी बोलल्या. "भाऊजी, मी फोनवर 'काही झालंच तर' म्हणाले, तेव्हा तुम्ही फोन ठेवलात." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "मावशींना सांगितलंस?"

मी तिथून उठलो तो थेट हॉटेलात. मावशी आपलं सामान न्यायला आल्या होत्या, मॅनेजर हिशोबाच्या खिडकीत. मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिलो आणि माझ्या खऱ्या आवाजात सांगितलं की दोष माझा आहे, या बाईंचं पातेलं माझ्या हातापेक्षा स्वच्छ होतं, आणि त्यांच्याशिवाय तो माणूस वाचला नसता. चारी मजल्यांवर ऐकू गेलं असेल. मॅनेजर "अस्सं, अस्सं" करत राहिला, आणि मावशींना म्हणाला, "बरं, मग राहा."

मावशींनी बाह्या दुमडल्या. मला वाटलं, दोन शब्द चांगले बोलतील. त्या म्हणाल्या, "काल बाकावर तोंड शिवलं होतं का?" मग फळीकडे बोट दाखवलं. "आणि ते लाल दोऱ्याचं पातेलं फळीवर आहे. त्याच्याजवळ जायचं नाही."

त्या कामाचा शेवट दुसऱ्या जोडीने येऊन केला. चष्मेवाल्याची तक्रार, नंतर कळलं, ज्या इमारतीत तो झोपायचा तिथल्याच रखवालदाराने केली होती. कुलूप तीन आठवडे घरी होता. मी एकदा गेलो, वहिनींनी पाणी दिलं, तो "बरा आहे" म्हणाला, आणि आम्ही दोघं पंख्याकडे बघत बसलो. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की आता तो जोडीदार बदलून मागणार. मागायलाच हवा होता. मी असतो तर पोलिसात गेलो असतो.

तो कामावर आला त्या आठवड्यात नवा कागद लागला. परगाव, तीन दिवस. त्याचं नाव आणि माझं नाव. मी ऑफिसात जाऊन विचारलं, चुकून झालंय का? कारकून म्हणाला, "त्यानेच सांगितलंय."

सकाळी बसस्टँडवर तो आधीच उभा होता. लाल पेटी, तिला तेच जाडजूड कुलूप. पण कमरेला एक नवी चपटी पिशवी, पट्ट्याला दोन ठिकाणी घट्ट शिवलेली, वर चेन. त्याने ती उघडून मला दाखवली. दोन पेनं. "आता शाफ्टमध्येही बरोबर," तो म्हणाला. मग बटणाच्या खिशातून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. चावी. नवी, कडा अजून चकाकणाऱ्या.

"हे काय?"

"पेटीची दुसरी चावी."

"दुसरी चावी नसते," मी म्हटलं.

"आता आहे."

मी चावी मुठीत धरली. म्हटलं, "एवढं झाल्यावरही तू माझ्यावर विश्वास..."

"विश्वास कसला डोंबलाचा?" तो म्हणाला. "तू उघडणार हे मला माहीत आहे. चावी नसली तर चोरून उघडशील, घाईघाईत उघडशील. चावी असली तर निदान हात धुऊन उघडशील. साबणाने. पँटला पुसून नाही."

बस लागली. लोक चढायला लागले. मी पायरीवर पाय ठेवला तर त्याने दंडाला धरून मला मागे ओढलं.

"खिसे दाखव."

आणि मी त्या भर बसस्टँडवर, सगळ्या लोकांसमोर, चारी खिसे उलटे करून दाखवले.